पेणचा एक, रोह्याचा एक

मंडळी, आज आपण लढाईविषयी वाचणार आहोत. लढाई म्हटली की डोळ्यांपुढे सरहद्द येते, बर्फ येतो, तोफा येतात. आपण पडलो पेण-रोह्याची माणसे. आपल्याकडे भाताची शेती, मिठागरे, गणपतीचे कारखाने आणि धाटावची रसायने. लढाईशी आपला काय संबंध, असे कोणालाही वाटेल. आम्हालाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते.

पण आपल्या जिल्ह्यात दोन मुले चार महिन्यांच्या अंतराने जन्मली. एक ११ सप्टेंबर १८९५ रोजी, पेण तालुक्यातल्या गागोदे गावात. दुसरा १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळच्या नाते गावात. त्याचे घराणे मात्र रोह्याचे. पहिला विनायक नरहर भावे, म्हणजे आपले विनोबा. दुसरा चिंतामण द्वारकानाथ देशमुख. त्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली पडले. दोघेही १९८२ साली वारले. देशमुख २ ऑक्टोबरला गेले, विनोबा १५ नोव्हेंबरला. जन्माला चार महिन्यांचे अंतर, मरणाला दीड महिन्याचे.

मधल्या आयुष्यात मात्र दोघांच्या वाटा अगदी उलट गेल्या. देशमुख १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे विलायतेला केंब्रिजला गेले आणि आय. सी. एस. च्या परीक्षेतही पहिले आले. विनोबा १९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले आणि वाटेत सुरतेला उतरून थेट काशीला गेले. त्याआधी त्यांनी आपले शाळेचे दाखले आईसमोर चुलीत घातले होते. (हे वाचून कोणी आपल्या मुलाचे दाखले चुलीत घालू नयेत. ज्याला पुढे विनोबा व्हायचे असेल त्याने घालावेत.)

एक साहेबाच्या चाकरीत चढत गेला, दुसरा साहेबाच्या तुरुंगात जात राहिला. मग दुसरे महायुद्ध आले आणि दोघांनाही एकच प्रश्न पडला. या लढाईत माझे काम काय?

३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जाहीर केले की हिंदुस्थानही युद्धात आहे. हिंदुस्थानातल्या कोणालाही त्यांनी विचारले नाही. ज्यांची मुले मरणार, ज्यांचे धान्य जाणार, त्यांना एक शब्द नाही. घरातला बैल विकायचा तरी माणूस बायकोला विचारतो. याचा निषेध म्हणून प्रांतांतल्या काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले.

पुढे काय करायचे? गांधीजींना मोठी चळवळ नको होती. इंग्लंड संकटात आहे, अशा वेळी त्याला खिंडीत गाठू नये, असे त्यांचे म्हणणे. पण गप्प बसणेही बरोबर नव्हते. म्हणून त्यांनी एक वेगळी तऱ्हा काढली. तिचे नाव वैयक्तिक सत्याग्रह. वैयक्तिक म्हणजे एकेकट्याचा. मोर्चा नाही, गर्दी नाही, घोषणांचा गोंगाट नाही. एका माणसाने उभे राहायचे आणि सांगायचे: या लढाईला माणूस किंवा पैसा देणे मला पटत नाही, सगळ्याच लढायांना मी शांततेने विरोध करीन. आणि हे लपूनछपून नाही. कोठे बोलणार, केव्हा बोलणार, हे आधी सरकारी अधिकाऱ्याला कळवायचे. पकडले नाही तर गावोगाव बोलत दिल्लीच्या दिशेने चालत निघायचे.

पहिला सत्याग्रही कोण, याविषयी देशभर तर्क चालले होते. गांधीजींनी नाव काढले विनोबांचे. पुष्कळ शिकलेल्या लोकांना हे नाव तेव्हा माहीतही नव्हते. जवाहरलाल नेहरू दुसरे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार गावी विनोबा उभे राहिले आणि युद्धाविरुद्ध बोलले. चार दिवस ते गावांतून बोलत हिंडले. २१ ऑक्टोबरला त्यांना पकडले आणि तीन महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आले, पुन्हा बोलले, पुन्हा आत गेले. नेहरूंना तर बोलण्याआधीच पकडले. मग एकामागून एक हजारो माणसे अशी एकेकटी उभी राहिली आणि तुरुंगात गेली.

आम्ही शाळेत हा धडा शिकवीत असताना मुले एक प्रश्न हमखास विचारीत. गुरुजी, एकटा माणूस बोलला म्हणून लढाई थांबली का? नाही थांबली. ती १९४५ पर्यंत चालली. मग उपयोग काय? प्रश्न मुलांचा असला तरी बरोबर होता, आणि आमच्याजवळ त्याचे पुरते उत्तर नव्हते. हिटलरचे रणगाडे पवनारच्या भाषणाने अडले नसते, हे आम्हालाही कळते. पण त्यातली एक गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. गर्दीत ओरडताना आपला आवाज कोणता हे कोणाला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही. दगड कोणी मारला ते सापडत नाही. विनोबांना स्वतःच्या नावाने, तारीख-वार सांगून बोलायचे होते आणि त्याची शिक्षा स्वतःच्या अंगावर घ्यायची होती.

आता दुसरी बाजू पाहू. आपल्या जिल्ह्यातले महाड तुम्हाला ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यांचे वडील फौजेत सुभेदार होते. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांचे मत विनोबांच्या उलट होते. हिटलर जिंकला तर जगात माणुसकी आणि लोकशाही उरणार नाही, तेव्हा ही लढाई जिंकलीच पाहिजे, असे त्यांना वाटे. १९४१ साली व्हाइसरॉयने नेमलेल्या संरक्षण सल्लागार मंडळात ते बसले. महार समाजाला इंग्रजांनी पूर्वी फौजेतून वगळले होते. त्या समाजाची स्वतंत्र पलटण उभी राहावी म्हणून ते झटले, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे.

मग खरे कोण? विनोबा की बाबासाहेब? तुम्ही वर्गात यावर भांडा, आमची हरकत नाही. आम्ही एवढेच सांगतो की दोघांपैकी कोणीही 'सगळे म्हणतात म्हणून' असे म्हटले नाही.

आणि तिसरी बाजू शिपायाची. त्या लढाईत हिंदी फौज वाढत वाढत पंचवीस लाखांवर गेली. सक्तीची भरती नव्हती. ही सगळी माणसे आपण होऊन नाव घालून गेली. त्यांतली ऐंशी हजारांहून अधिक परत आली नाहीत. ती आफ्रिकेच्या वाळवंटात, इटलीच्या डोंगरात, ब्रह्मदेशाच्या जंगलात पडली. सगळी देशासाठी गेली असे पुस्तकात लिहितात. आम्हाला तसे सरसकट लिहवत नाही. कोणी पराक्रमासाठी गेला, कोणी वडील फौजेत होते म्हणून गेला, आणि पुष्कळ जण पोटासाठी गेले. कोकणातली शेती म्हणजे चार महिने भात आणि आठ महिने मुंबईची वाट. त्यात फौजेचा पगार दिसला की माणूस जाई. म्हणून त्याचे मरण हलके होत नाही. उलट ज्यांनी त्याला पाठवले त्यांच्यावर त्याचा हिशोब जास्त चढतो.

हिशोबाचा विषय निघाला, तर आता रोह्याच्या चिंतामणरावांकडे जाऊ.

११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. या जागेवर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. रिझर्व्ह बँक म्हणजे देशाच्या नोटा काढणारी बँक. तुमच्या खिशातली दहाची नोट काढून पाहा, तिच्यावर गव्हर्नरची सही असते. देशमुख त्या खुर्चीवर आले तेव्हा बंगालात भयंकर दुष्काळ पडला होता. त्या दुष्काळात आणि मागोमागच्या साथीत सुमारे तीस लाख माणसे मेली असे मानतात. बंगालात एकही मोठी लढाई झाली नव्हती. तरी ही माणसे लढाईनेच मारली, असे आम्ही समजतो. ते कसे, हे नीट समजून घ्या, कारण हे शाळेत सहसा सांगत नाहीत.

इंग्लंडला युद्धासाठी माल हवा होता. कापड, ताग, धान्य, बूट, तंबू, गाड्यांचे डबे. हा माल हिंदुस्थानातून गेला. इंग्लंडने त्याचे रोख पैसे दिले नाहीत. लंडनमध्ये वहीत लिहून ठेवले: हिंदुस्थानचे इतके देणे. पण इथल्या शेतकऱ्याला आणि गिरणीवाल्याला तर रुपये द्यायला हवेत. म्हणून त्या वहीतल्या जमेवर इथे नोटा छापल्या. युद्धाच्या सहा वर्षांत बाजारातल्या नोटा सहा पटींहून अधिक झाल्या. माल मात्र वाढला नाही. होता तोही बाहेर चालला होता. नोटा जास्त आणि तांदूळ कमी, मग भाव काय होणार? युद्ध संपेपर्यंत घाऊक भाव अडीच पटींच्या आसपास गेले. ज्याच्याजवळ धान्याचे कोठार होते तो श्रीमंत झाला. ज्याच्याजवळ फक्त दोन हात होते, त्याची मजुरी भावामागे धावून धावून दमली. बंगालात वर वादळ झाले, पीक बुडाले, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, साठेबाजांनी माल दडवला, आणि सरकारने वेळेवर धान्य पोचवले नाही.

म्हणजे लढाईसाठी त्याग कोणी केला? ज्याला कोणी त्याग करायला सांगितलेच नव्हते, त्याने. त्याच्या ताटातून भात उचलला गेला आणि त्याला कळलेही नाही की आपण लढाईला वर्गणी दिली.

युद्ध सुरू होण्याआधी हिंदुस्थान इंग्लंडचा कर्जदार होता. युद्धात ते कर्ज फिटले आणि उलटे इंग्लंडच आपले देणे लागू लागले. शेवटी हा आकडा सुमारे १७०० कोटी रुपयांवर गेला. आता इंग्लंडात काही मंडळी म्हणू लागली की युद्ध सगळ्यांसाठीच होते, तेव्हा हे कर्ज कमी करावे किंवा सोडून द्यावे. १९४४ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत ब्रेटन वूड्स या ठिकाणी चव्वेचाळीस देशांची परिषद भरली. हिंदुस्थानच्या मंडळात देशमुख होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तेथे हा विषय नेटाने मांडला. हा पैसा कोणा राजाचा नाही, गरीब देशाने पोटाला चिमटा घेऊन दिलेला आहे, असा त्यांचा मुद्दा होता. परिषदेने तो विषय आपल्या कामात घेतला नाही. पण गोष्ट जगापुढे आली, आणि स्वातंत्र्यानंतर वाटाघाटी होऊन तो पैसा टप्प्याटप्प्याने आपल्याला मिळाला. सुरुवातीच्या वर्षांत बाहेरून धान्य आणि यंत्रे आणायला तो उपयोगी पडला.

साहेबाच्या खुर्चीवर बसून त्यांनी हे केले. विनोबांनी हे काम केले नसते, आणि देशमुख पवनारला उभे राहिले नसते. खुर्ची घेतली म्हणजे मान वाकवलीच, असे आपण पटकन म्हणतो. पण खुर्चीवर बसूनही हिशोब राखता येतो, आणि वेळ आली की ती सोडताही येते. देशमुख पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत ते आपल्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट घातला गेला, मुंबईत गोळीबार झाले, माणसे पडली. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, ही मागणी मान्य होईना. तेव्हा १९५६ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि का दिला ते लोकसभेत उभे राहून सांगितले. तेही विनोबांसारखेच झाले म्हणा: एकट्याने, स्वतःच्या नावाने.

बाहेरच्या जगानेही या दोघांना जवळ जवळ बसवले. फिलिपाइन्स देशातले मॅगसेसे पारितोषिक १९५८ साली विनोबांना मिळाले आणि १९५९ साली देशमुखांना. एकाला गरिबांसाठी जमीन मागत गावोगाव चालल्याबद्दल, दुसऱ्याला सरकारी कामातल्या सचोटीबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, ही मोठी माणसे. आम्ही कोण? आम्हाला ना कोणी गव्हर्नर करणार, ना गांधीजी बोलावणार.

पेणच्या खारेपाटातल्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून आपल्या वाडवडिलांनी मैल मैल लांब मातीचे बांध घातले. बांधाची राखण सगळ्यांनी मिळून करायची. ज्याची जितकी जमीन, त्याने तितके हात द्यायचे, अशी जुनी रीत. भरतीच्या वेळी बांध कोठे फुटतो? जेथे खेकड्याने बीळ केलेले असते तेथे. बीळ बोटाएवढे असते. ज्याने ते पाहिले आणि 'उद्या बुजवू' म्हणून घरी गेला, त्याचे एकट्याचे शेत बुडत नाही. एकदा खांड गेली की साऱ्या गावाची जमीन खारी होते आणि दोन-तीन पावसाळे पीक येत नाही.

असे एक बीळ आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पडले होते. १९९३ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत श्रीवर्धनच्या बाजूला दिघी आणि शेखाडी येथे रात्रीच्या वेळी समुद्रातून माल उतरला. त्यात बंदुका होत्या आणि आर. डी. एक्स. नावाची भयंकर दारू होती. हा माल गाड्यांत भरून आपल्याच रस्त्यांनी बाहेर पडला. वाटेत पहारा नव्हता का? होता. पोलीस होते, कस्टमचे लोक होते. त्यांतल्या काहींनी पैसे घेऊन वाट मोकळी केली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एका दुपारी दोन-अडीच तासांत एकामागून एक स्फोट झाले. २५७ माणसे मेली, सातशेहून अधिक जखमी झाली. त्यांत चाकरमानी होते, हमाल होते, रस्त्याने चाललेल्या बायका होत्या. पुढे खटला चालला आणि पैसे घेणाऱ्या काही पोलिसांना व कस्टमच्या अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरवले.

रोह्याला दसऱ्याच्या उत्सवात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस बंदुका घेऊन सलामी देतात. आपण ते पाहायला गर्दी करतो आणि त्या गणवेशापुढे हात जोडतो. म्हणून ही गोष्ट आम्हाला जास्त लागली. कोणी म्हणेल, त्यांना वाटले असेल चांदी आहे, घड्याळे आहेत, नेहमीचा चोरटा माल आहे. असेल वाटले. पण 'नेहमीचा चोरटा माल' जाऊ द्यायची सवय होती, म्हणूनच तर त्या रात्री हे जमले. आणि सवय एकट्या पोलिसांची नव्हती. स्वस्त घड्याळ आणि परदेशी कापड आपणही घेतच होतो, कोठून आले ते न विचारता. आमच्या स्वतःच्या घरात तसा एक रेडिओ होता, हे लपवून हा धडा लिहिणे बरे दिसणार नाही.

हल्लीची गोष्ट घ्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये काश्मीरमध्ये पहलगामला २६ निरपराध माणसांना मारले. त्यानंतर मे महिन्यात पाकिस्तानशी चार दिवस लढाई झाली. त्या वेळी, ७ मे रोजी, सरकारने देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम ठेवली. ज्या ठिकाणांची यादी निघाली, तिच्यात आपले रोहा-धाटाव-नागोठणे होते. पुष्कळांना आश्चर्य वाटले. कोठे काश्मीर आणि कोठे कुंडलिका! पण नीट पाहिले तर कळेल. धाटावला रसायनांचे कारखाने, नागोठण्याला मोठा पेट्रोलियमच्या मालाचा कारखाना. शत्रूला सैन्याइतकीच अशी ठिकाणे हवी असतात. म्हणजे सरहद्द आपल्या दाराशी आली आहे, हे मानूनच चालावे लागते.

भोंग्याच्या खुणा ध्यानात ठेवा. आवाज खालीवर, खालीवर होत राहिला तर धोका आहे. एकाच सुरात लांबला तर धोका टळला. धोक्याचा भोंगा झाला की दिवे मालवावेत, उघड्यावर असाल तर पक्क्या भिंतीच्या आडोशाला जावे, काचेच्या खिडकीजवळ उभे राहू नये. कारखान्यातून वास आला तर ओले फडके नाकाला लावून वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे. वाऱ्याबरोबर पळू नये, कारण वायूही तिकडेच येतो. शेजारी म्हातारे, लंगडे, बाळंतीण कोण आहे हे आजच माहीत करून घ्यावे. मदतीसाठी ११२ हा आकडा फिरवावा. आपल्या घटनेत ५१-क हे कलम १९७६ साली घातले. बोलावणे येईल तेव्हा देशाची सेवा करणे हे त्यात प्रत्येकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. सेवा म्हणजे बंदूकच असे नाही. रक्त देणे, रस्ता मोकळा ठेवणे, हीही सेवाच आहे.

आणि एक काम हल्ली फार मोठे झाले आहे. ते मोबाइलचे. त्या चार दिवसांत किती खोट्या बातम्या आल्या! अमुक शहर घेतले, तमुक बंदर जाळले. जुन्या लढाईची चित्रे, खेळातली चित्रे, नवी म्हणून फिरत होती. शहाणीसुरती माणसे ती पुढे ढकलीत होती. 'मी कोठे लिहिले, मी फक्त पाठवले' असे म्हणत होती. गावात कोणी 'विहिरीत विष टाकले' म्हणून ओरडला आणि तुम्ही तेच चार घरी जाऊन ओरडलात, तर तुम्ही नुसते पाठवले असे म्हणता येईल का?

वाचता येण्याची जबाबदारी मोठी असते. हे आम्हाला फार लहानपणी कळले, ते सांगून हा धडा संपवतो.

१९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई झाली तेव्हा आम्ही हायस्कुलात होतो. आमच्या शेजारी एक काकी राहत. त्यांना अक्षर येत नव्हते. त्यांचा मुलगा फौजेत होता. त्याचे पत्र आले की त्या आमच्याकडे येत आणि आम्ही ओट्यावर बसून वाचून दाखवीत असू. लढाई तेरा दिवसांत संपली, सगळीकडे पेढे वाटले. त्यानंतर काही दिवसांनी त्याचे पत्र आले. मध्ये एक वाक्य होते, की पायाला लागले आहे, दवाखान्यात आहे, पाय राहतो की नाही ते डॉक्टर पाहत आहेत. आमच्या तोंडून ते वाक्य निघेना. आम्ही ते गाळले आणि खालचे 'सगळ्यांना नमस्कार' मोठ्याने वाचले. काकी पत्र कपाळाला लावून घरी गेल्या. आम्हाला वाटले, आपण मोठे पुण्य केले.

चार दिवसांनी काकी पुन्हा आल्या. त्यांनी ते पत्र दुसऱ्या आळीतल्या एका मास्तरांकडून वाचून घेतले होते. आम्ही खाली मान घालून बसलो. त्या रागावल्या नाहीत. जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "पोरा, माज्या लेकाचं दुखणं माजं हाय. ते तू तुज्याजवळ कशाला ठिवलंस? चार दिस मी हसत फिरले रं."

मग त्यांनी पदराच्या गाठीतून पैसे काढले, अंतर्देशीय पत्र आणायला सांगितले आणि आम्ही ते लिहीपर्यंत तेथेच बसून राहिल्या. त्या सांगत होत्या तसेच्या तसे आम्ही लिहिले. एक शब्द गाळला नाही. मुलगा दोन महिन्यांनी काठी टेकत घरी आला. पाय वाचला होता. काकींनी पुढे आमच्या आईजवळ अक्षरे गिरवायला घेतली. त्यांना पत्र लिहिता कधी आले नाही, पण मुलाच्या पत्रावरचे त्याचे नाव आणि तारीख त्या स्वतः वाचू लागल्या.

वर्गात करण्यासाठी: तुमच्या गावातून किंवा शेजारच्या गावातून फौजेत गेलेल्या, किंवा फौजेतून परत आलेल्या, एका माणसाकडे जा. तो नसेल तर त्याच्या घरच्यांना भेटा. तो केव्हा गेला, का गेला आणि तो नसताना घर कोणी चालवले, हे विचारा. ते पाच-सहा ओळींत आपल्या हाताने लिहा आणि पुढच्या वर्गात वाचून दाखवा. त्यांनी सांगितले असेल तेवढेच लिहा, आपल्या मनचे घालू नका.